लिंक निम्मीही भरत नाही, तरी पॅकेट गळतात: फायबर अपलिंकवर पुन्हा पुन्हा येणारा ड्रॉप

तक्रार बहुतेकदा एकाच चालीची असते. अपलिंकचा आलेख पस्तीस-चाळीस टक्क्यांच्या वर जात नाही. तरी ठरावीक वेळेला कॉलवरचा आवाज तुटतो, फाइल कॉपी रेंगाळते आणि राउटरवर ‘आउटपुट ड्रॉप’चा आकडा चढलेला दिसतो. मग कोणी कनेक्टर पुसतं, कोणी पॅचकॉर्ड बदलतं, कोणी मॉड्यूलच नवं घालतं. काही दिवस शांतता, आणि पुन्हा तेच.

ती मधली शांतता फसवी असते. मॉड्यूल काढून घालताना लिंक खाली जाते, मार्ग बदलतात, लांबलेली कनेक्शन तुटून नव्याने उभी राहतात, बऱ्याचदा काउंटरही शून्य केले जातात. एकाच क्षणी धडकणारे ट्रॅफिकचे झोत त्यामुळे थोडे मागेपुढे सरकतात आणि आराम पडल्यासारखं वाटतं. पॅकेट ज्याने टाकलं, त्याला मात्र हातही लागलेला नसतो. तो सहसा असतो बाहेर जाणाऱ्या पोर्टचा शेड्युलर, म्हणजे कोणत्या रांगेतलं पॅकेट आधी सोडायचं हे ठरवणारा भाग, आणि त्याच्यामागचा बफर, म्हणजे जागा संपली की नवं पॅकेट नाकारणारी मेमरी.

पॅकेट बिघडलं की टाकलं गेलं?

हे ठरल्याशिवाय कशालाही हात लावू नका. प्रकाशाचा दोष आणि रांगेचा दोष वेगवेगळ्या टोकांना नोंदले जातात. मळका कनेक्टर, वाकलेली फायबर, कमी पॉवर यांमुळे फ्रेममधले बिट बदलतात. अशी फ्रेम घेणारं टोक सीआरसी (फ्रेमच्या शेवटचा तपासणीचा आकडा) जुळत नाही म्हणून फेकतं आणि इनपुट एररमध्ये मोजतं. रांग भरल्यामुळे गेलेलं पॅकेट लेझरपर्यंत पोचतच नाही, त्याची नोंद पाठवणाऱ्या टोकाला आउटपुट डिस्कार्ड म्हणून होते. म्हणून दोन्ही टोकांचे काउंटर एकाच वेळचे हवेत. एकाच बाजूचा स्क्रीनशॉट पाठवून ‘लिंक खराब आहे’ म्हणणाऱ्याकडून दुसरी बाजू मागून घ्या.

१०० गिगाबिट आणि त्यापुढच्या लिंकवर एक आकडा उगाच घाबरवतो. एफईसीने (वाटेतल्या बिटच्या चुका दुरुस्त करणाऱ्या कोडने) दुरुस्त केलेले कोडवर्ड, म्हणजे डेटाचे गठ्ठे, सतत वाढताना दिसतात. चार पातळ्यांच्या पीएएम-४ सिग्नलवर ते अपेक्षितच आहे. लक्ष द्यायचं ते दुरुस्त न होऊ शकलेल्या कोडवर्डकडे आणि दुरुस्तीआधीच्या बिट-चूक दराकडे. आरएस ५४४/५१४ या एफईसीसाठी तो दर साधारण २.४ × १०⁻⁴ च्या खाली असावा लागतो. दुरुस्त न झालेले कोडवर्ड वाढत नाहीत, सीआरसी स्थिर आहे आणि मॉड्यूलची रिसीव्ह पॉवर त्याच्या डेटाशीटच्या मर्यादेत आहे, एवढं दिसलं की फायबरला सोडून द्या.

एक सापळा इथेच सांगतो. कट-थ्रू पद्धतीचा स्विच फ्रेम पूर्ण येण्याआधीच पुढे ढकलायला लागतो. त्यामुळे दोन हॉप मागे बिघडलेली फ्रेम तुमच्या निरोगी पोर्टवर सीआरसी एरर म्हणून उगवू शकते. एरर दिसलेलं पोर्ट हेच मूळ, असं धरू नका. मागे मागे जात जिथे पहिला एरर दिसतो तिथे थांबा.

दुसरी कसोटी मला जास्त आवडते, कारण तिला राउटरचा अॅक्सेसही लागत नाही. फायबरला ट्रॅफिकचा वर्ग कळत नाही. ती बिघडली तर सगळ्यांचं सारखंच नुकसान करते. शेड्युलर मात्र भेदभाव करण्यासाठीच बसवलेला असतो. एकाच ठिकाणाकडे एकाच वेळी दोन पिंग सोडा, एकाचं डीएससीपी (पॅकेटवरचा वर्ग सांगणारा आकडा) ०, म्हणजे साधं, दुसऱ्याचं ४६, म्हणजे आवाजाचं. पहिल्यात गळती आणि दुसऱ्यात जवळपास नाही, म्हणजे रांगेचं प्रकरण. दोन्हींत सारखीच गळती असेल तर संशय घ्या प्रकाशाच्या दोषाचा, तुमचं मार्किंग वाटेत पुसलं जाण्याचा, किंवा ठरलेल्या दरापलीकडची पॅकेट वर्ग न बघता टाकणाऱ्या पोलिसरचा. पिंग राउटरला न करता त्याच्या पलीकडच्या होस्टला करा. बहुतेक राउटर स्वतःला आलेल्या पिंगची उत्तरं मुद्दाम मर्यादित ठेवतात, त्यावरून गळती ठरवणं निरर्थक.

आउटपुट डिस्कार्डवर फायबर साफ करून उपयोग का होत नाही, याचं कारण भौतिक आहे. प्रकाश थांबवून ठेवता येत नाही. फायबरचं वेटोळं करून त्याला उशीर लावता येतो, पण एक किलोमीटर फायबर जेमतेम ५ मायक्रोसेकंद देते. १०० गिगाबिटच्या वेगाला तेवढ्यात सुमारे ६२ किलोबाइट मावतात, म्हणजे ९००० बाइटच्या सातही जंबो फ्रेम नाहीत. त्यामुळे थांबणं, निवडणं आणि टाकणं हे सगळं लेझरच्या आधी, इलेक्ट्रॉनिक मेमरीत घडतं. एका फायबरवर अनेक तरंगलांबी नुसत्या वाहून नेणाऱ्या डीडब्ल्यूडीएम उपकरणात पॅकेटची रांगच नसते. वेगवेगळ्या ग्राहकांचं इथरनेट एकत्र करणारं पॅकेट-ऑप्टिकल कार्ड मध्ये असेल तर मात्र तिथेही रांग असते, आणि तिचे काउंटर सहसा ट्रान्समिशनवाल्यांच्या वेगळ्या प्रणालीत असतात. ते मागावे लागतात.

पाच मिनिटांची सरासरी काय लपवते

आता आकडेमोड. १०० गिगाबिटच्या पोर्टवरून आलेला झोत १० गिगाबिटच्या पोर्टने बाहेर पडायचा आहे. दर सेकंदाला ९० गिगाबिट जास्तीचे, म्हणजे दर मिलिसेकंदाला ११.२५ मेगाबाइट. रांगेला २ मेगाबाइट जागा असेल तर ती ०.१८ मिलिसेकंदात भरते. ०.२ मिलिसेकंदाचा प्रत्येक झोत अडीच मेगाबाइट आणतो, त्यातले सुमारे पाव मेगाबाइट टाकले जातात. असे झोत सेकंदाला शंभर आले तरी बाहेरच्या पोर्टची सरासरी २० टक्क्यांच्या आतच राहते. आलेखावर पोर्ट रिकामं, प्रत्यक्षात दर सेकंदाला पंचवीस मेगाबाइट कचऱ्यात.

पाच मिनिटांऐवजी दहा सेकंदांनी मोजलं तरी हे दिसणार नाही. एका सेकंदाने मोजलं तरी नाही. म्हणून वापराच्या टक्केवारीचा नाद सोडून दोन गोष्टी वाचा: प्रत्येक रांगेचे ड्रॉप, आणि प्रत्येक रांगेची सर्वोच्च पातळी. ही दुसरी नोंद बहुतेक नव्या स्विचमध्ये असते. गेल्या वाचनानंतर रांग कुठपर्यंत चढली होती ते ती सांगते, आणि वाचली की कित्येकदा शून्यावर येते. दोन जण वेगवेगळ्या स्क्रिप्टने वाचत असतील तर दोघांनाही अर्धवट चित्र मिळतं.

अशी आदळआपट घडवणारे नमुने मोजके आहेत. वेग बदलतो ती जागा, म्हणजे वर १०० आणि खाली १० किंवा २५. एकाच प्रश्नाला अनेक सर्व्हर एकदम उत्तर देतात ती जागा. आणि तासाच्या ठोक्याला सुरू होणारी सगळी नियोजित कामं. शेवटच्यावर उपाय अगदी स्वस्त आहे: वेळा थोड्या थोड्या विस्कटा. यासाठी नेटवर्कच्या माणसाला सर्व्हरच्या माणसाशी बोलावं लागतं, एवढीच अडचण.

रांगा वाचताना

पोर्टवरच्या रांगांचे काउंटर समोर ठेवा आणि पहिला प्रश्न हा विचारा की ट्रॅफिक रांगांमध्ये वाटलं तरी जातंय का. बहुतेक सगळं रांग शून्यमधूनच जात असेल तर शेड्युलरचं कॉन्फिग कितीही देखणं असो, त्याच्यापुढे निवडायला काही नाही. वर्गीकरणच होत नाहीये. कुठल्या तरी प्रवेश-पोर्टवर मार्किंगवर विश्वास ठेवण्याची सेटिंग नाही आणि डीएससीपी शून्य होतोय, किंवा एमपीएलएसमध्ये (पॅकेटला लेबल लावून नेणाऱ्या पद्धतीत) शिरताना भाषांतर चुकतंय. तिथल्या लेबलमध्ये वर्गासाठी तीनच बिट असतात आणि सहसा डीएससीपीचे वरचे तीन बिट उचलले जातात. ४६ चा ५ होतो, ४८ चा ६, ते ठीक. पण ३४, ३६ आणि ३८ या तिन्हींचा ४ होतो. ‘आधी कोणतं टाकायचं’ ही एएफ वर्गातली (३४, ३६, ३८ हे त्यातलेच आकडे) बारीक उतरंड तिथेच सपाट होते. त्या उतरंडीवर अवलंबून असलेली ड्रॉपची वेगवेगळी पातळी कोअरमध्ये काम करत नाही म्हणून लोक चिप बदनाम करतात. चिप बिचारी निर्दोष असते.

दुसरा प्रश्न कडक प्राधान्याचा. त्या रांगेत काही असेपर्यंत शेड्युलर बाकीच्यांकडे बघत नाही. आवाजासाठी ते योग्यच आहे, पण त्या रांगेला वरची मर्यादा घातलेली नसली आणि कोणी व्हिडिओचं किंवा बॅकअपचं ट्रॅफिक ४६ मार्क करून पाठवू लागलं, तर खालच्या रांगा उपाशी मरतात. याचं लक्षण ओळखता येतं. लिंक प्रकाशाच्या दृष्टीने ठणठणीत असते, तरी बीएफडी (दुवा जिवंत आहे का ते सतत तपासणारा) किंवा बीजीपी (राउटरांत मार्गांची माहिती देणारा) या प्रोटोकॉलची सत्रं पडतात. बीएफडीची ५० मिलिसेकंद गुणिले तीन ही सेटिंग सगळीकडे दिसते, म्हणजे खालच्या रांगेत अडकलेली १५० मिलिसेकंद सत्र पाडायला पुरतात. सत्र पडलं की मार्ग बदलतो, गर्दी ओसरते, सत्र उठतं, गर्दी परत येते. ही फुगडी तासन् तास चालते आणि सगळे ‘फ्लॅपिंग लिंक’ म्हणून फायबरवाल्यांना फोन करतात. प्राधान्याच्या रांगेला पोलिसर लावा, मार्किंग प्रवेशावरच तपासा, आणि नियंत्रणाचं ट्रॅफिक वेगळ्या रांगेत आहे याची खात्री करा.

तिसरा, वजनांचा. वजन म्हणजे कमाल मर्यादा नाही, आणि वजन म्हणजे बफरही नाही. गर्दी असताना उरलेली क्षमता कोणत्या प्रमाणात वाटायची, एवढंच ते सांगतं. पाच टक्के वजनाच्या रांगेला लिंक मोकळी असताना शंभर टक्के मिळू शकतात. उलट चाळीस टक्के वजनाच्या रांगेला मेमरी तुटपुंजी दिली तर तिची सरासरी मागणी दहा टक्के असूनही झोतात ती ड्रॉप करणारच. मला दिसणाऱ्या बहुतेक कॉन्फिगमध्ये वजनांवर पुष्कळ विचार केलेला असतो आणि बफरचा वाटा डिफॉल्टवर सोडलेला असतो. खरं तर अल्पजीवी झोतांसाठी वजनापेक्षा बफरचा वाटाच जास्त मोलाचा.

जुन्या उपकरणांत आणखी एक खोड सापडते. साधी वजनी फेरी पॅकेट मोजते, बाइट मोजत नाही. एका रांगेत ९००० बाइटच्या फ्रेम आणि दुसरीत २०० बाइटच्या असतील, तर समान वजन देऊनही पहिलीला ४५ पट क्षमता मिळते. एम. श्रीधर आणि जॉर्ज वर्गीस यांनी १९९५ मध्ये मांडलेली डेफिसिट राउंड रॉबिन पद्धत नेमकी यासाठी आहे: प्रत्येक रांगेला फेरीगणिक बाइटचा वाटा मिळतो आणि न वापरलेली शिल्लक पुढच्या फेरीत जमा होते. तुमच्या स्विचवर दोन्ही पर्याय असतील तर हाच निवडा. फेरीचा वाटा सर्वांत मोठ्या फ्रेमपेक्षा लहान ठेवू नका. ठेवलात तर मोठी फ्रेम सुटायला अनेक फेऱ्या लागतात.

चेसिसमध्ये ड्रॉप भलत्याच कार्डावर दिसतो

मोठ्या चेसिस राउटरवर, म्हणजे अनेक कार्डं बसवलेल्या राउटरवर, हा प्रकार अनेकांना गोंधळात टाकतो. गर्दी ज्या पोर्टवर आहे तिथले आउटपुट काउंटर स्वच्छ, आणि पॅकेट तर हरवतायत.

कारण रचनेत आहे. पॅकेट आत येणाऱ्या कार्डावर एकाच सरळ रांगेत ठेवली, तर पुढचं पॅकेट व्यस्त पोर्टसाठी अडलं की मागची सगळी अडतात, त्यांचं पोर्ट मोकळं असलं तरी. मार्क कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं की सर्व पोर्टांकडे यादृच्छिक आणि सारखं विभागलेलं ट्रॅफिक असताना अशा मोठ्या स्विचची क्षमता ५८.६ टक्क्यांवर अडकते. यावरचा उपाय म्हणजे आत येणाऱ्या कार्डावर प्रत्येक बाहेरच्या पोर्टसाठी वेगळी आभासी रांग ठेवायची आणि फॅब्रिकमधून (कार्डांना आतून जोडणाऱ्या भागातून) कोणाची जोडी कोणाशी लावायची हे दर क्षणी ठरवायचं. निक मॅकिओन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला आयस्लिप अल्गोरिदम हार्डवेअरमध्ये हेच जलद करण्यासाठी होता. आजच्या अनेक चेसिसमध्ये बाहेरचं पोर्ट आतल्या कार्डांना परवाने देतं, परवाना मिळेपर्यंत पॅकेट आतच थांबतं.

म्हणजे गर्दी बाहेर असली तरी रांग, आणि म्हणून ड्रॉपही, आतल्या कार्डावर असतो. त्या अमुक पोर्टकडे जाणाऱ्या आभासी रांगांचे ड्रॉप प्रत्येक आतल्या कार्डावर जाऊन बघावे लागतात. ड्रॉप सगळ्या कार्डांवर थोडे थोडे असतील तर बाहेरचं पोर्ट खरंच कमी पडतंय. एकाच कार्डावर असतील तर त्या कार्डाच्या फॅब्रिक दुव्यांकडे वळा. एखादं फॅब्रिक कार्ड बंद पडलं तरी राउटर चालूच राहतो, फक्त गर्दीच्या वेळी श्वास कमी पडतो, आणि त्याचा अलार्म शेकडो किरकोळ अलार्मांत हरवलेला असतो.

लिंक-बंडलचंही असंच. चार १० गिगाबिट एकत्र बांधून आलेख एकच काढला तर निम्मा भरलेला दिसेल, पण हॅशने (कोणता प्रवाह कोणत्या सदस्यावर जाईल हे ठरवणाऱ्या गणिताने) एकच जाडजूड प्रवाह एका सदस्यावर टाकला असेल तर तो सदस्य तुडुंब. सदस्यांचे आलेख वेगळे काढा, हॅशमध्ये पॅकेटच्या हेडरमधला पोर्ट क्रमांकही घ्या. एकच प्रवाह मोठा असेल तर हॅश काही करू शकत नाही.

पोर्ट मोठं, घेतलेली क्षमता छोटी

पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारींत ही सर्वांत चिवट. सेवादात्याने १० गिगाबिटचं ऑप्टिकल पोर्ट दिलंय, करार २ गिगाबिटचा आहे. तुमच्या राउटरला वाटतं लिंक १० ची आहे. त्यामुळे त्याची रांग कधी भरत नाही, शेड्युलर कधी जागा होत नाही आणि तुमचे ड्रॉप काउंटर शून्य. ड्रॉप होतो सेवादात्याच्या पोलिसरवर, जिथे तुमच्या प्राधान्यांना कोणी विचारत नाही.

पोलिसर रांग ठेवत नाही. त्याच्याकडे झोतासाठी २५० किलोबाइटची सवलत असेल आणि तुम्ही १० गिगाबिटने पाठवत असाल, तर ती पाव मिलिसेकंदात संपते. यूडीपीने, म्हणजे गळती झाली तरी स्वतःहून वेग न बदलणाऱ्या पद्धतीने, नेमक्या २ गिगाबिटची संथ चाचणी घेतली तर निकाल उत्तम येतो आणि सेवादाता ‘आमच्याकडून ठीक’ म्हणून तिकीट बंद करतो. टीसीपी मात्र झोतात पाठवतं, मार खातं, मागे सरतं आणि कराराच्या बऱ्याच खाली घुटमळतं. यूडीपी ठीक आणि टीसीपी अर्धवट, हे दिसलं की पोलिसरचा संशय घ्यावा.

उपाय तुमच्या बाजूला आहे: पोर्टवर कराराच्या थोडा खाली शेपर (जास्तीची पॅकेट न टाकता थांबवून हळू सोडणारा भाग) लावा आणि तुमच्या सगळ्या रांगा त्या शेपरच्या पोटात ठेवा. मग गर्दी तुमच्या राउटरवर होईल आणि काय थांबवायचं ते तुमचा शेड्युलर ठरवेल. शेपरचा स्वतःचा झोत-आकार पलीकडच्या सवलतीपेक्षा लहान ठेवायला विसरू नका. नाहीतर सरासरी २ गिगाबिट राखूनही तो १० च्या वेगाने गठ्ठे सोडत राहतो.

शेपर लावूनही तक्रार अधूनमधून उगवते, तेव्हा मोजमापाचा फरक तपासा. काही शेपर फक्त आयपी पॅकेटची लांबी धरतात, पलीकडचा पोलिसर इथरनेट हेडर, व्हीलॅन टॅग आणि शेवटचा चेकसमही धरतो. १५०० बाइटच्या पॅकेटला हा फरक २२ बाइटचा, म्हणजे दीड टक्का. जी.७११ या आवाजाच्या कोडिंगच्या २० मिलिसेकंदांच्या पॅकेटला, ज्याची आयपी लांबी २०० बाइट असते, तोच फरक ११ टक्के होतो. म्हणून फाइल कॉपीच्या वेळी सगळं सुरळीत आणि कॉल वाढले की गळती. शेपरला ओव्हरहेड धरायला सांगा. ती सोय नसेल तर छोट्या पॅकेटचं प्रमाण बघून दर आणखी खाली आणा.

बफर वाढवण्याआधी

‘बफर वाढवा’ हा सल्ला लगेच मिळतो आणि निम्म्या वेळा तो चुकीचा असतो. १० गिगाबिटवर १०० मेगाबाइटची भरलेली रांग म्हणजे ८० मिलिसेकंदांचा उशीर. ड्रॉपचा आकडा शून्य होतो, वापरणारा मात्र आता ‘सगळं हळू आहे’ म्हणतो. बफर किती हवा याचा जुना नियम राउंड-ट्रिप वेळ (पॅकेट जाऊन उत्तर परत येण्याचा वेळ) गुणिले क्षमता असा होता. १०० गिगाबिट आणि १०० मिलिसेकंदांना तो १.२५ गिगाबाइट मागतो. गुइडो अपेन्झेलर, आयझॅक केस्लासी आणि निक मॅकिओन यांनी २००४ मध्ये दाखवलं की एकमेकांशी ताल न जुळलेले पुष्कळ टीसीपी प्रवाह असतील तर प्रवाहांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागलं तरी चालतं. दहा हजार प्रवाहांना १२.५ मेगाबाइट. पण मोजकेच जाड प्रवाह असलेल्या लिंकवर, उदाहरणार्थ दोन साइटमधल्या रेप्लिकेशनवर, ही सूट लागू नाही. तिथे मोठा बफर खरोखर हवा असतो. लिंक कोणत्या प्रकारची आहे हे न बघता आकडा उचलू नका.

बॅकअपसारख्या वर्गाला मोठा बफर, आवाजाला छोटा, आणि डेटा सेंटरच्या आत शक्य असेल तिथे ईसीएन (पॅकेट न टाकता त्यावर गर्दीची खूण करणं), ही वाटणी मला बहुतेक ठिकाणी पुरेशी वाटते.

बदल केल्यानंतर

एका वेळी एकच बदल, आणि पडताळणी तक्रारीच्याच वेळेला. रात्री बदल करून रात्रीच ‘ड्रॉप थांबले’ लिहिणं निरुपयोगी. प्रत्येक रांगेचे ड्रॉप आणि सर्वोच्च पातळी साठवत राहा, अलार्म टक्केवारीवर न लावता रांगेच्या ड्रॉप-दरावर लावा, आणि सर्वांत खालच्या रांगेला थोडे ड्रॉप होऊ द्या, ती त्यासाठीच आहे. शेड्युलर नीट लावूनही मधल्या रांगांची सर्वोच्च पातळी तासन् तास वरच चिकटून राहत असेल तर मात्र क्षमताच कमी आहे. तेव्हा नवी लिंक मागा, आता आकडेही हातात आहेत.

अपलिंक पॉन असेल तर

पॉन म्हणजे एकच फायबर अनेक ग्राहकांत वाटणारी रचना. वरचं बरंचसं तिथे लागू पडत नाही, कारण वर जाणाऱ्या दिशेचा शेड्युलर तुमच्या राउटरमध्ये नसतोच. जीपॉन या प्रकारात वर जाणारे १.२४४ गिगाबिट सगळे ओएनयू (ग्राहकाकडची उपकरणं) वाटून घेतात. कोणी कधी बोलायचं हे ओएलटी (सेवादात्याच्या टोकाचं उपकरण) १२५ मायक्रोसेकंदांच्या चौकटींतून परवाने देऊन ठरवतं. ओएनयू आपली रांग कळवतं, परवान्याची वाट बघतं आणि तोवर पॅकेट त्याच्याच छोट्या मेमरीत थांबतं. ड्रॉप तिथे होतो. अपलोड सुरू करताच पिंगची वेळ चढत असेल तर ओएलटीवर त्या ग्राहकाचं टी-कॉन्ट (ज्याला वर पाठवण्याचे परवाने मिळतात तो ट्रॅफिकचा गट) प्रोफाइल बघा: सगळी क्षमता उरलीसुरली मिळेल या तत्त्वावर आहे की काही भाग खात्रीचा आहे. आवाजाचं ट्रॅफिक वेगळ्या, ठरावीक क्षमतेच्या टी-कॉन्टमध्ये हलवलं की कॉल सुधारतात. बाकीच्या अपलोडसाठी मागच्या राउटरवर ओएनयूच्या दराच्या खाली शेपर लावावा लागतो.